पुंगळी, घंटा आणि स्मृतिचिन्ह : वापरलेल्या दारूगोळ्याच्या पितळेचा रूपविचार

१

युद्धस्मारकांविषयी आपल्याकडे जे विवेचन झाले आहे ते प्रायः दगडाभोवती झाले आहे. वीरगळ, समाधी, स्तंभ आणि पुतळा ही त्याची नेहमीची उदाहरणे होत. धातूच्या लहान वस्तूंकडे, विशेषतः वापरलेल्या दारूगोळ्याच्या पितळेपासून बनविलेल्या स्मृतिचिन्हांकडे, समीक्षकाची दृष्टी क्वचितच वळते. तोफेच्या गोळ्याच्या रिकाम्या नळकांड्याची केलेली फुलदाणी, बंदुकीच्या पुंगळ्या लाकडी पाटीवर बसवून केलेली निरोपाची ढाल, पुंगळ्या वितळवून ओतलेले एखादे चिन्ह, या वस्तू पलटणीच्या भोजनगृहात, पोलीस दलाच्या कार्यालयात आणि निवृत्त सैनिकांच्या घरी आढळतात. त्यांना कलाकृती म्हणावे तर त्यांचा कर्ता बहुधा अज्ञात असतो. दस्तऐवज म्हणावे तर त्यांवरील मजकूर तुटपुंजा असतो. आणि निव्वळ शोभेच्या वस्तू म्हणून सोडून द्याव्यात, तर ज्या घराने त्या जपल्या त्याच्यावर अन्याय होतो. अशा वस्तूंचे मूल्यमापन कोणत्या कसोटीवर करावे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

या विचारासाठी शिरूर आणि दौंड हे पुणे जिल्ह्यातील दोन तालुके डोळ्यांसमोर ठेवणे सोयीचे आहे. घोडनदीकाठचे शिरूर एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्रजांची छावणी होते. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कॅप्टन स्टाँटनची तुकडी याच छावणीतून निघाली, व दुसऱ्या दिवशी, १ जानेवारी १८१८ रोजी, भीमेकाठी कोरेगाव येथे लढाई झाली. दौंडला राज्य राखीव पोलीस बलाचे गट आहेत, आणि तालुक्यातच नानवीज येथे त्या दलाचे प्रशिक्षण केंद्र आहे. या टापूच्या पश्चिमेस खडकी येथे १८६९ सालापासून दारूगोळ्याचा कारखाना आहे. ईशान्येस अहिल्यानगरचा, म्हणजे जुन्या अहमदनगरचा, लष्करी तळ आणि त्याचे के. के. रेंज हे गोळाफेकीचे मैदान आहे. पुणे–नगर रस्ता शिरूरवरून जातो आणि मनमाडचा लोहमार्ग दौंडहून नगरला जातो. काडतूस जेथे तयार होते आणि जेथे उडते, त्या दोन स्थळांच्या मधला हा मुलूख होय. पितळेचा प्रवास येथे पुस्तकी विषय राहत नाही.

आरंभीच दोन शब्दांचा उलगडा केला पाहिजे. तांब्यापितळेची जुनी भांडी तांबटाकडे किंवा कासाराकडे देऊन नवी घेण्याच्या व्यवहारात जुन्या भांड्यांना ‘मोड’ म्हणतात. मोडीला वजन असते, भाव असतो, आणि तिच्यातून नवे भांडे निघणार हे गृहीत असते. ‘भंगार’ या शब्दात ती हमी नाही. तेथे वस्तूचे आयुष्य संपले असे आपण मानतो. वापरलेली पुंगळी सरकारी दप्तरात भंगार असते, कारागिराच्या हाती मोड होते, आणि स्मृतिचिन्ह झाली की तिला मोडीचाही भाव लावणे अप्रशस्त ठरते. एकाच धातूच्या या तीन अवस्था आहेत. पहिलीतून तिसरीकडे जाताना नेमके काय घडते, आणि त्या प्रवासात काय टिकते व काय नाहीसे होते, हे पाहणे समीक्षकाचे काम आहे.

२

द्रव्याचा विचार रूपाच्या विचाराआधी झाला पाहिजे. काडतुसाचे पितळ म्हणजे साधारणतः सत्तर भाग तांबे आणि तीस भाग जस्त यांचा मिश्रधातू. हे प्रमाण सौंदर्यासाठी निवडलेले नाही. या प्रमाणातील पितळ न फाटता खोल ओढले जाते. गोळी सुटताना ते क्षणभर फुगून बंदुकीच्या घराला घट्ट चिकटते व वायू मागे येऊ देत नाही, आणि लगेच आकसून सहज बाहेर निघते. चकतीपासून पेला, पेल्यापासून नळी, अशा टप्प्याटप्प्याने ओढून पुंगळी बनते. दोन टप्प्यांच्या मध्ये धातू तापवून मऊ करावा लागतो. शेवटी तिच्या तळावर ठसा उमटवितात. खडकीच्या जुन्या काडतुसांवर रोमन लिपीतील ‘के एफ’ ही अक्षरे व सालाचे आकडे आढळतात. मोठ्या गोळ्यांच्या तळावर तोफेचे माप, कारखान्याची खूण, साल आणि घाण्याचा क्रमांक असतो.

या धातूच्या इतिहासात हिंदुस्थानच्या पावसाळ्याला एक विशेष स्थान आहे. इंग्रजी अमदानीत येथे साठविलेल्या पितळी काडतुसांना पावसाळ्यात आपोआप तडे जात. ‘सीझन क्रॅकिंग’ हे त्या दोषाचे नाव त्या ऋतूवरूनच पडले. त्याचे शास्त्रीय स्पष्टीकरण १९२१ साली पुढे आले : पुंगळी ओढून घडविताना धातूत जो ताण शिल्लक राहतो तो, आणि तबेल्यांतील घोड्यांच्या मलमूत्रापासून दमट हवेत मिसळणारा अमोनिया, या दोहोंच्या संयोगाने पितळ कणांच्या सीमांवर उकलते. मंद आचेवर पुन्हा तापवून तो ताण काढून टाकणे हाच त्यावरचा उपाय ठरला.

ही हकीकत येथे सांगण्याचे प्रयोजन आहे. ‘धातू सारे लक्षात ठेवतो’ अशा आशयाची काव्यमय विधाने स्मृतिचिन्हांसंबंधी वारंवार केली जातात. ओढलेल्या पितळेत घडणीचा ताण खरोखरच राहतो, म्हणून एका मर्यादित अर्थाने ते विधान खरे आहे. परंतु तो ताण आचेने जातो. आणि पितळ पूर्ण वितळले की त्याबरोबर तळाचा ठसा, आघातकाची खूण, नळीवरचे ओरखडे, हे सर्व जाते. जस्ताचा उत्कलनबिंदू सुमारे ९०७ अंश सेल्सिअस आहे आणि हे पितळ वितळण्यास त्याहून थोडी अधिक उष्णता लागते. त्यामुळे मुशीतून पांढरा धूर निघून जस्ताचा काही अंश उडून जातो व ओताऱ्याला तो वरून भरून काढावा लागतो. म्हणजे वितळवून ओतलेल्या वस्तूत मूळ द्रव्यही संपूर्ण मूळचे राहत नाही. रणांगणावरचे पितळ आणि मोडीतल्या घागरीचे पितळ मुशीत एकत्र आले की त्यांना वेगळे ओळखण्याचे साधन पाहणाऱ्यापाशी उरत नाही. उरते ते सोबतचे प्रमाणपत्र. तेव्हा पहिला भेद असा करावा लागतो की, काही स्मृतिचिन्हे आपला पुरावा स्वतःच्या अंगावर वाहतात, आणि काहींचा पुरावा सर्वस्वी शब्दांवर अवलंबून असतो.

३

पहिल्या वर्गातील वस्तूंची परंपरा जागतिक आहे. पहिल्या महायुद्धात पश्चिम आघाडीवर फ्रेंचांच्या ७५ मिलिमीटर तोफेच्या आणि इंग्रजांच्या अठरा पौंडी तोफेच्या रिकाम्या नळकांड्यांचे ढीग साचले. त्यांवर नक्षी कोरून, त्यांची कंबर आवळून, कडा वळवून असंख्य फुलदाण्या निघाल्या. या प्रकाराला ‘खंदककला’ म्हणण्याचा प्रघात आहे. पण त्यातील बराच भाग खंदकाबाहेर, पिछाडीच्या कर्मशाळांत, युद्धकैद्यांच्या छावण्यांत, आणि युद्धानंतर रणभूमी पाहावयास येणाऱ्यांसाठी स्थानिक कारागिरांच्या हातून झाला. त्या युद्धात मराठा पलटणीही होत्या. १०३, ११० आणि ११७ क्रमांकांच्या पलटणी मेसोपोटेमियात लढल्या व डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६ या काळात कुत-अल-अमाराच्या वेढ्यात सापडल्या. आपल्याकडील खेड्यांत त्या युद्धाचे स्मरण बहुधा गावातून किती माणसे गेली व किती कामास आली एवढेच सांगणाऱ्या संगमरवरी पाटीच्या रूपाने झाले. पाटी गावाची असते; पितळी वस्तू घराची असते. स्मरणाचे हे दोन स्तर वेगळे ठेवले पाहिजेत.

अशा फुलदाणीवर नेहमीचा आक्षेप असा की, ती युद्धाला घरगुती करून टाकते. ज्याने माणूस मारला त्यात शेवंती ठेवणे हा विसंवाद आहे. हा आक्षेप अर्धाच खरा आहे. कुशल कारागीर नळकांड्याचा आकार पूर्णपणे लपवीत नाही. वर कमळाच्या पाकळ्या काढल्या तरी खाली तळ सपाट आणि जाड राहतो, आणि वस्तू उलटी केली की ठसा वाचता येतो. वरच्या बाजूला शोभा आणि खालच्या बाजूला साल, हा विसंवादच तिचा आशय आहे. ज्या फुलदाणीत तळ कापून दुसरा बसविला आहे, किंवा ठसा घासून गुळगुळीत केला आहे, तिने हा आशय स्वतःहून सोडला आहे. पहिलीला स्मृतिचिन्ह म्हणता येईल. दुसरी पितळेची फुलदाणी होय, आणि तिची तुलना पुण्याच्या तांबट आळीतील चांगल्या भांड्याशी केली पाहिजे. त्या तुलनेत ती बहुधा टिकणार नाही. तांबटाच्या मठारकामात ठोक्याची प्रत्येक खूण सारखी आणि हेतुपूर्वक असते, तर हौशी कारागिराचा ठोका नळीच्या जाडीचा अंदाज चुकवितो. वर पातळ व खाली जाड अशी ती नळी आधी तापवून मऊ केली नाही तर कडेला चिरते.

या वर्गातील वस्तूंच्या बाबतीत एक सूक्ष्म अडचण आहे, आणि तिचा विचार झालेला दिसत नाही. पितळ काळवंडते, म्हणून ते घासावे लागते. आपल्या घरांत ते चिंचेने, राखेने, हल्ली बाजारच्या पुडीने घासतात. ज्या घरातून माणूस गेला त्या घरात ती वस्तू दसऱ्याला किंवा त्याच्या तिथीला उजळली जाते. तो एक विधीच असतो. परंतु दर घासण्याबरोबर कोरीव अक्षर थोडे उथळ होते. चाळीस-पन्नास वर्षांच्या निष्ठेने घासलेल्या वस्तूवर नाव पुसट आणि झळाळी उत्तम अशी अवस्था येते. स्मरणाची कृती स्मरणाचा लेख झिजविते. याउलट, कपाटात विसरलेल्या वस्तूवर अक्षर शाबूत असते व ते वाचणारे कोणी नसते. संग्रहपालाला दुसरी वस्तू अधिक मोलाची वाटेल. समीक्षकाने मात्र ही झीज देखील मजकूर म्हणून वाचली पाहिजे, कारण ती वस्तू कोणाच्या तरी हातात होती एवढी गोष्ट त्या झिजेवाचून दुसरे काहीच सांगत नाही.

४

दुसरा वर्ग वितळवून ओतलेल्या वस्तूंचा. त्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे व्हिक्टोरिया क्रॉस. १८५६ साली सुरू झालेले हे पदक क्रिमियाच्या युद्धात सेबास्तोपोल येथे हस्तगत केलेल्या रशियन तोफांच्या ब्राँझमधून ओतले जाते, अशी परंपरा आहे. ज्या तोफांचा हवाला दिला जातो त्या घडणीवरून चिनी आहेत, आणि सर्व पदकांचा धातू एकच नाही, असे पुढील संशोधनात दिसून आले. इटलीच्या आघाडीवर १० जुलै १९४४ रोजी पडलेले नाईक यशवंत घाडगे आणि ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीकाठी पराक्रम गाजविणारे शिपाई नामदेव जाधव या मराठा पलटणीतील दोन सैनिकांना हे पदक मिळाले. एक रायगड जिल्ह्यातील, दुसरे नगर जिल्ह्यातील. त्यांच्या युद्धाशी त्या धातूचा कोणताही संबंध नव्हता. परंपरा खरी धरली तरी तो नव्वद वर्षांपूर्वीच्या परक्या युद्धाचा अवशेष होता. तरीही पदकाचे मोल त्यामुळे कमी झाले नाही. कारण त्याच्या मागील बाजूस कृतीची तारीख आणि आडव्या पट्टीच्या मागे सैनिकाचे नाव कोरलेले असते. धातूची कथा खोटी ठरली तरी पदकाचे पितळ उघडे पडत नाही. ते नावाच्या आणि तारखेच्या बळावर उभे आहे. आपल्या परमवीर चक्राच्या रूपकार सावित्रीबाई खानोलकर यांनी जिंकलेल्या तोफेची कथा घेतली नाही. त्यांनी इंद्राचे वज्र घेतले. दधीचीच्या अस्थींपासून झालेले ते आयुध दात्याच्या त्यागाचे सूचक आहे, शत्रूच्या पराभवाचे नव्हे. द्रव्याच्या इतिहासावर भिस्त न ठेवता प्रतीकावर ठेवणे, हा येथे अधिक प्रामाणिक मार्ग ठरला आहे.

ओतलेल्या धातूची निष्ठा किती चंचल असते याचे उदाहरण कोलोनच्या प्रार्थनामंदिरातील कैसरघंटेत मिळते. १८७०–७१ च्या युद्धात जिंकलेल्या फ्रेंच तोफांपासून ती ओतली होती. १९१८ साली तीच घंटा युद्धसाहित्यासाठी वितळविण्यात आली. तोफेची घंटा झाली आणि घंटेचे पुन्हा युद्धसाहित्य झाले. याच्या शेजारी उत्तर इटलीतील रोव्हेरेतोची घंटा ठेवून पाहावी. पहिल्या महायुद्धात लढलेल्या राष्ट्रांच्या तोफांचे ब्राँझ एकत्र करून ती १९२४ साली प्रथम ओतली गेली, आणि युद्धांत मेलेल्यांसाठी ती रोज संध्याकाळी वाजविली जाते. पहिल्या घंटेत एका पक्षाचा विजय होता. दुसरीत जिंकणाऱ्यांचा व हरणाऱ्यांचा धातू मुद्दाम मिसळला आहे. वितळण्याने ओळख पुसली जाते हे वर दोष म्हणून सांगितले. रोव्हेरेतोच्या घंटेत तोच दोष गुण झाला आहे, कारण कोणाची तोफ कोणती हे कळू नये हाच तिचा हेतू आहे. तेव्हा वितळविणे सरसकट गौण ठरविता येत नाही. वस्तूचा हेतू ओळख जपण्याचा असेल तर वितळविणे हा अपराध आहे; ओळख विसर्जित करण्याचा असेल तर तीच योग्य क्रिया आहे.

महाराष्ट्रातील अलीकडचे उदाहरण ‘विक्रांत’ या विमानवाहू जहाजाचे आहे. तेथे धातू पोलाद होता, पितळ नव्हे. पण प्रश्न तोच आहे. १९६१ साली नौदलात आलेले आणि १९७१ च्या युद्धात बंगालच्या उपसागरात कामगिरी बजावलेले हे जहाज १९९७ साली निवृत्त झाले, काही वर्षे मुंबईत संग्रहालय म्हणून राहिले आणि २०१४ साली भंगारात विकले गेले. त्याच्या धातूपासून २०१६ साली दोन वस्तू पुढे आल्या. एक, मुंबईच्या लायन गेटनजीकचे अर्झान खंबाटा यांचे स्मारकशिल्प. दुसरी, पुण्याच्या बजाज कंपनीची ‘व्ही’ ही मोटारसायकल. शिल्पात जहाजाचे तुकडे तुकडे म्हणूनच दिसतात. मोटारसायकलच्या टाकीत तो धातू इतर पोलादात मिसळलेला आहे आणि केवळ कंपनीच्या सांगण्यावरून आपल्याला ठाऊक होतो. मोटारसायकलची कल्पना क्षुद्र होती असे मात्र म्हणवत नाही. संग्रहालय चालविण्यास पैसा नसलेल्या समाजात जहाजाचा अंश हजारो घरांच्या अंगणात उभा राहिला, ही गोष्ट लहान नव्हे. तथापि ती वाहने झिजतील व पुन्हा भंगारात जातील. त्या वेळी त्यांच्यापासून ‘विक्रांत’ला वेगळे काढणारे कोणी नसेल. तिला स्मरणिका म्हणावे. स्मारक हा शब्द शिल्पासाठी राखून ठेवावा.

५

तिसरा वर्ग असा आहे की ज्यात धातूला हातच लावलेला नाही. फक्त त्याची जागा बदलली आहे. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, आणि तेथील पोर्तुगीज प्रार्थनामंदिरांतील घंटा महाराष्ट्रातील देवळांत गेल्या. पुणे जिल्ह्यातील भीमाशंकर, वाईजवळील मेणवली, नाशिकचे नारोशंकराचे देऊळ ही त्यांची परिचित स्थळे होत. या घंटा वितळवून तोफा ओतणे त्या काळी अशक्य नव्हते. किंवा वितळवून त्यांवर देवनागरी अक्षरे घालणेही अशक्य नव्हते. तसे केले नाही. मेणवलीच्या घंटेवरची बालयेशूसह मेरीची आकृती तशीच राहिली आणि घंटा कृष्णाकाठच्या घाटावर वाजू लागली. जिंकलेल्या वस्तूवरची परक्याची खूण न खोडणे यात उदारता होती की बेफिकिरी, हे सांगता येत नाही. परिणाम मात्र असा झाला की तिन्ही वर्गांत पुराव्याच्या दृष्टीने सर्वांत समृद्ध अशी ही स्मृतिचिन्हे ठरली. वसईची लढाई, पोर्तुगिजांची ओतकला आणि मराठ्यांची भक्ती या तिन्ही गोष्टी एकाच धातूवर वाचता येतात.

जागेचे आणि नेमाचे महत्त्व किती, हे शिरूरलाच पाहावे. तेथील छावणीत १८०९ साली मरण पावलेल्या कर्नल वॉलेस या इंग्रज अधिकाऱ्याच्या थडग्याला आसपासच्या लोकांनी सत्पुरुषाचे स्थान मानले आणि सुगीच्या धान्याचा नैवेद्य तेथे नेण्याचा प्रघात पाडला. ज्यांनी ते बांधले त्यांच्या मनात हे नव्हते. कोरेगावचा स्तंभही असाच. १८२१ साली कंपनी सरकारने आपल्या विजयाचे चिन्ह म्हणून त्याचा पाया घातला. त्यावर पडलेल्या शिपायांची नावे कोरली, आणि त्या नावांत महार सैनिकांची नावे होती. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेथे गेले, आणि त्या नावांच्या आधारावर स्तंभाला कंपनीच्या कल्पनेपलीकडचा अर्थ प्राप्त झाला. त्याच लढाईसाठी १८५१ साली, म्हणजे तेहतीस वर्षांनी, रुपेरी पदकावर ‘कोरिगाम’ अशी पट्टी देण्यात आली. पण ती तोवर हयात असलेल्यांनाच. आज पट्टी पदकसंग्राहकांपुरती उरली आहे आणि स्तंभापाशी दरवर्षी समुदाय जमतो. कारण स्तंभावर मृतांची नावे आहेत, तो सर्वांना खुला आहे, आणि तेथे जाण्याचा नेम आहे. धातू मौल्यवान असणे पुरेसे नाही, हा धडा पितळी स्मृतिचिन्हे करणाऱ्यांनी येथून घ्यावा.

उलट दिशेचे उदाहरणही जवळच आहे. विजापूरची ‘मलिक-ए-मैदान’ ही प्रचंड तोफ १५४९ साली अहमदनगरला ओतली गेली. १८५४ साली निरुपयोगी सामान म्हणून ती लिलावात काढली गेली तेव्हा बोली दीडशे रुपयांच्या वर गेली नाही. तिच्याविषयी लोकांच्या मनात असलेला आदर पाहून विक्री रद्द झाली. भंगाराचा भाव आणि स्मृतीचा भाव यांतील अंतर इतक्या स्पष्ट आकड्यात क्वचितच मांडले गेले असेल.

६

येथवर वस्तूचा विचार झाला. वस्तू होण्याआधी पितळ कोण गोळा करतो, याचा विचार केल्याखेरीज समीक्षा पुरी होत नाही. सैन्यात व पोलिसांत सरावानंतर रिकाम्या पुंगळ्या वेचून, मोजून परत करावयाच्या असतात. किती दिल्या आणि किती आल्या याचा हिशेब राहतो. शस्त्र अधिनियम, १९५९ याने दारूगोळ्याच्या व्याख्येत त्याच्या भागांचाही समावेश केला आहे, त्यामुळे पुंगळी घरी नेणे ही निरुपद्रवी हौस आहे असे धरून चालत नाही. पण गोळाफेकीच्या मैदानांच्या आसपास हा हिशेब कोठे तरी सुटतो. तेथील गरीब माणसे धातू वेचण्यासाठी मैदानात शिरतात. न फुटलेला गोळा आणि फुटलेला गोळा यांतील भेद त्यांना मृत्यूनेच शिकविल्याच्या बातम्या आपण वाचतो. २० नोव्हेंबर २०१८ रोजी वर्धा जिल्ह्यात पुलगावनजीक सोनेगाव (आबाजी) येथे निकामी दारूगोळा नष्ट करण्याचे काम चालू असता स्फोट होऊन सहा जण मृत्युमुखी पडले. त्यांत आसपासच्या गावांतले रोजंदारीचे मजूर होते.

हा उल्लेख भावनेला आवाहन करण्यासाठी केलेला नाही. तो सौंदर्यशास्त्रीय मुद्दाच आहे. स्मृतिचिन्हाचा दावा असा असतो की ते द्रव्याच्या भूतकाळाशी प्रामाणिक आहे. त्या भूतकाळात गोळी झाडणारा येतो, गोळी लागलेला कधीकधी येतो, आणि पुंगळी वेचणारा कधीच येत नाही. पितळेच्या प्रवासातील शेवटचा मनुष्य गाळून जे स्मरण केले जाते ते सोयीचे स्मरण होय. ओतीव ढालीवर दलाचे बोधचिन्ह, अधिकाऱ्याचे नाव आणि निरोपाची तारीख असते. पुंगळ्या कोणत्या मैदानावरच्या, कोणत्या साली उडालेल्या, कोणी गोळा केलेल्या, यांपैकी एकही गोष्ट नसते. एखादी ओळ वाढविण्याने ढालीचे सौष्ठव बिघडणार नाही. ती न वाढविण्याचे कारण सौंदर्यदृष्टी नसून सवय आहे, असे म्हणणे भाग आहे.

७

वरील विवेचनातून तीन कसोट्या निघतात. पहिली पुराव्याची : वस्तू आपला पूर्वेतिहास अंगावर वाहते की कागदावर? दुसरी नावाची : तीत कोणाचे नाव आहे, आणि कोणाचे असावयास हवे होते? तिसरी नेमाची : ती कोठे ठेवली आहे आणि तिच्यापाशी कोण, केव्हा, कशासाठी येते? तळाचा ठसा शाबूत असलेली साधी फुलदाणी पहिल्या कसोटीला उतरते. व्हिक्टोरिया क्रॉस पहिलीत डळमळतो आणि दुसरीवर तरतो. मेणवलीची घंटा पहिलीत आणि तिसरीत श्रेष्ठ ठरते. कोरेगावचा स्तंभ दुसरीत आणि तिसरीत. पुंगळ्या वितळवून घाऊक प्रमाणात ओतलेली, प्रमाणपत्रासह विकली जाणारी वस्तू बहुधा तिन्हींत उणी पडते. तिचे घडणकौशल्य कितीही असले तरी हा निर्णय बदलत नाही.

या कसोट्या लावण्यास वेळ फार नाही, कारण द्रव्यच आटत चालले आहे. कारगिलच्या १९९९ च्या संघर्षात ज्या १५५ मिलिमीटर बोफोर्स तोफेचे नाव झाले, तिला पितळी पुंगळी नसतेच. तिची दारू पिशव्यांत भरलेली असते. तेव्हा ‘कारगिलच्या बोफोर्सची पितळी पुंगळी’ म्हणून कोणी काही दाखविले तर अभ्यासकाने सावध व्हावे. भारतीय १०५ मिलिमीटर तोफेची पितळी नळी त्या लढाईत होती; पण आजच्या मुख्य रणगाड्यांच्या तोफगोळ्यांचे आवरण बहुतांशी जळून जाते व मागे पोलादी बुडखा उरतो. खडकीचा कारखाना २०२१ साली नव्या म्युनिशन्स इंडिया कंपनीकडे गेला. लहान शस्त्रांसाठी पितळ अजून चालू आहे, परंतु मोठ्या नळकांड्यांचे युग सरत आहे. जी घरांत आहेत ती वाटणीत, स्थलांतरात किंवा लग्नकार्याच्या भांडेखरेदीत मोडीत जातात. तराजूवर त्यांचे वजन होते आणि तळाचा ठसा कोणी वाचत नाही.

म्हणून पदव्युत्तर विद्यार्थ्यांपुढे एक काम ठेवावेसे वाटते. शिरूर आणि दौंड तालुक्यांतील माजी सैनिकांची व पोलिसांची घरे हे त्याचे क्षेत्र. घरच्यांच्या संमतीने प्रत्येक वस्तूचा तळ पाहावा. ठसा, उंची, वजन आणि कोरीव मजकूर यांची नोंद करावी. वस्तू देव्हाऱ्यात आहे, दिवाणखान्यात आहे की माळ्यावर, हे लिहावे. ती कोणी घासते, हे विचारावे. आणि घरच्यांची हकीकत ठशाच्या सालाशी जुळते की नाही, हे कोणालाही न दुखविता ताडून पाहावे. जेथे जुळत नाही तेथे हकीकत खोटी असे घाईने ठरवू नये. पुंगळी १९४२ ची आणि आठवण १९६५ ची असू शकते, कारण दारूगोळा कोठारात वर्षानुवर्षे पडून राहतो. मात्र ज्या नळकांड्यात तोंडाजवळ न वापरलेली दारू, अखंड आघातटोपी किंवा तोंडाशी अडकलेला गोळा दिसेल, त्याला हात न लावता पोलिसांना कळवावे. अशी वस्तू अजून भूतकाळात गेलेली नाही.

ही नोंद झाली म्हणजे आपल्यापुढे मतांऐवजी सामग्री असेल. तोपर्यंत एवढे निश्चित म्हणता येईल की, दारूगोळ्याच्या पितळेपासून झालेल्या वस्तूचा तळ न पाहता तिच्या झळाळीवर केलेली स्तुती, आणि तळ न पाहताच केलेला तिचा धिक्कार, या दोहोंना समीक्षेत सारखेच स्थान आहे.